भुरग्यांचा कॉम्प्युटर आणि आपली बाराखडी

"घरात मोबाइल काय कमी आहेत, म्हणून वाचनालयातही स्क्रीन?" गोव्यातल्या वाचनालयांच्या बालविभागात कॉम्प्युटर ठेवावेत म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो. प्रश्न रास्त आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको, त्याहून कमी असेल तर उत्तमच, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सांगून ठेवलंय.

पण अमेरिकेतल्या बऱ्याच वाचनालयांत लहानग्यांसाठी असे कॉम्प्युटर असतात, ज्यांना इंटरनेटच नसतं. अक्षरांचे, आकड्यांचे खेळ आतच भरलेले, कीबोर्ड रंगीत. जाहिरात नाही, एक संपला की दुसरा आपोआप सुरू होणारा व्हिडिओ नाही. मोबाइलशी त्याची तुलना होऊच शकत नाही, आणि ज्याच्या घरी पुस्तकही नाही नि कॉम्प्युटरही नाही, त्या मुलाला ते फुकट मिळतं. म्हणून मी या कॉम्प्युटरच्या बाजूने आहे.

माझं भांडण वेगळंच आहे. तेच मशीन जसंच्या तसं उचलून आणलं तर आपल्या पोरांना काय शिकवणार? इंग्रजीत अक्षराचं नाव एक, उच्चार दुसरा. 'सी' कधी क होतो, कधी स. त्यांचे अक्षरांचे बरेच खेळ ही गाठ सोडवण्यासाठी. आपला क कुठेही गेला तरी क. आपलं पोर अडतं ते काना-मात्रेत आणि जोडाक्षरात. 'कि' टाइप करून बघा. कीबोर्डवर आधी क, मग वेलांटी, आणि वेलांटी टुणकन उडी मारून क च्या आधी जाऊन बसते! वहीत वेलांटी आधी काढणारं पोर तिथे गोंधळणारच. पुन्हा आपण गिरवलेला ल पाकळीचा, स्क्रीनवर बहुतेक वेळा हिंदीतला दंडाचा. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही. पाच वर्षांच्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात.

त्यात आपल्याकडे घरात कोंकणी, शाळेत मराठी. लिपी एकच, देवनागरी. म्हणजे एकाच खेळात दोन्ही भाषांचे आवाज भरता येतील. हे काम गोव्यात नाही करायचं तर कुठे करायचं? १८३२ पासून सार्वजनिक ग्रंथालय आहे आपल्याकडे. पणजीत पाटोवरच्या त्याच मध्यवर्ती ग्रंथालयातून सुरुवात करता येईल. (कृष्णदास शामा या सोळाव्या शतकातल्या गोमंतकीय लेखकाचं नाव दिलेल्या ग्रंथालयात पोरांनी पहिलं अक्षर इंग्रजीच ऐकावं, हे मला तरी पटत नाही.)

खरेदीआधी डिचोली-सत्तरीतल्या अंगणवाडीच्या आणि प्राथमिकच्या बाईंना बोलवा. पोर कुठल्या अक्षराला अडतं हे त्यांना तोंडपाठ असतं. कॉम्प्युटर गोष्टींच्या पुस्तकांच्या कपाटाला लागून ठेवा, वेगळ्या एसी खोलीत कुलूप लावून नको. आणि प्रत्येक मशीनपुढे स्टुलं दोन, हेडफोनही दोन. पोर एकटं बसलं तर नुसती बटणं बडवतं, शेजारी आई नाहीतर आजी असली की "हें कितें?" (हे काय?) विचारतं.