कात्रीचा चिकटा काढायला पेट्रोल? त्या मेसेजला माझं उत्तर

शनिवारी दुपारी सोलापुरात भवानी पेठेत मावशीकडे गेले तर दारातच पेट्रोलचा वास आला. आत ओट्यावर स्टीलच्या वाटीत पेट्रोल, त्यात कात्रीची पाती आणि मूठभर सुया बुडवलेल्या, आणि हातभर अंतरावर शेगडीवर आमटी उकळत होती. मी आधी शेगडी बंद केली. पंख्याच्या बटणाला कुणालाच हात लावू दिला नाही, कारण बटणाची ठिणगीही पुरते. खिडक्या उघडल्या, वाटी अंगणात नेऊन ठेवली आणि मग विचारलं, हे काय चाललंय? मावशीनं मोबाइल पुढे केला.

‘शिवणकाम करणाऱ्या भगिनींसाठी रामबाण उपाय’ असा तो मेसेज. आठवड्यात मला तीन गटांतून आलाय. त्यात सांगितलंय ते असं: कात्री-सुया रात्रभर पेट्रोलमध्ये ठेवा, सकाळी गॅसवर भाजा, गोंद जळून जातो. अक्रिलिकची पट्टी नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसा. सोडा आणि लिंबू लावा. खोबरेल तेल चोळा. शेवटी पॉलिश पेपर फिरवला की धार नव्यासारखी.

मावशीची अडचण खरी आहे. ती युनिफॉर्मच्या कारखान्यांतून येणाऱ्या चिंध्यांच्या वाकळा शिवते. त्यात कॉलरचे तुकडे असतात, बकरम (कॉलर ताठ ठेवणारं कडक अस्तर) असतं, साइजचे स्टिकर असतात. त्यांचा गोंद पात्यांवर बसतो, कात्री कापड कापायच्या ऐवजी ओढते आणि संध्याकाळी अंगठा सुजतो. म्हणूनच असा मेसेज खरा वाटतो.

पेट्रोलवर ती मला म्हणाली, “अगं, उडूनच जातंय की ते, ऱ्हातंय कुठं?” उडतं, हाच तर धोका आहे! पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली बसून जमिनीलगत सरकत दूरच्या ज्योतीपर्यंत पोचते. एखाद्या द्रवाची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते, त्या किमान तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा तो शून्याखाली सुमारे 40 अंश आहे. म्हणजे सोलापूरच्या थंडीतल्या पहाटेसुद्धा वाटीतल्या पेट्रोलची वाफ पेटायला तयारच असते. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यात 23 अंशांच्या खाली फ्लॅश पॉइंट असलेले पदार्थ सर्वांत धोकादायक ‘अ’ वर्गात घातलेत, आणि पेट्रोल त्यातच येतं. कायदा नव्वद वर्षांपासून जे सांगतोय, ते न वाचता कुणीतरी ‘रामबाण’ लिहून मोकळा झाला.

मावशीच्या पिढीनं शिवणयंत्रं रॉकेलनं पुसली, म्हणून तिला पेट्रोलही तसंच वाटलं. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट 35 अंशांच्या पुढे असतो, म्हणून तेव्हा निभावलं. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रॉकेलही बंद खोलीत भरवशाचं नाही.

पेट्रोलमध्ये गोंद विरघळतो का? विरघळतो, नाइलाजानं कबूल करते. पण त्याच पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. आपल्याकडच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या सरकारी मानकाच्या) पेट्रोलमध्ये त्याला 1 टक्क्यापर्यंत परवानगी आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं बेंझीनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलंय. त्यात बोटं बुडवून सुया वेचायच्या, तेही स्वयंपाकाच्या ओट्यावर?

आणि भाजणं! मावशीनं आदल्या दिवशी एक कात्री भाजलीही होती. पात्यांवर निळसर झाक आली आणि धार गेली. धारवाल्यानं हातात घेऊनच सांगितलं, “पाणी उतरलंय याचं.” बरोबर होतं त्याचं. पोलादाला पाणी देऊन आणलेला कडकपणा जास्त तापवल्यावर उतरतो. निळा रंग दिसतो तेव्हा तापमान 300 अंशांच्या आसपास गेलेलं असतं. अशा पात्याला धार लावली तरी ती टिकत नाही. मामांनी घेऊन दिलेली, वीस वर्षं वापरातली कात्री होती ती. माझा राग त्या कात्रीसाठीही आहे.

नेलपॉलिश रिमूव्हरचंही तसंच. त्यातलं ॲसिटोन अक्रिलिकच विरघळवतं. पट्टी दुधाळ होते, बारीक तडे जातात, छापलेल्या रेघा पुसतात. मग माप कशानं घ्यायचं? ‘ॲसिटोन नसलेलं’ रिमूव्हरही नको, त्यात बहुधा इथाइल ॲसिटेट असतं, तेही अक्रिलिकला खातं.

सोडा आणि लिंबू एकमेकांचा जोर मारतात, फेस येतो आणि संपतं. उरलेली ओल पोलादाला गंज आणते. पॉलिश पेपर पात्याच्या आतल्या बाजूला फिरवला की दोन पाती एकमेकांवर नीट बसतच नाहीत. याहून जास्त लिहिण्याची त्यांची लायकी नाही.

राहिलं खोबरेल तेल. हे मात्र खरं आहे, फक्त मेसेजमध्ये अर्धंच लिहिलंय. स्टिकरचा आणि डबल टेपचा गोंद तेलानं मऊ पडतो. पंधरा-वीस मिनिटं ठेवा, जुन्या सुती चिंधीनं पुसा, आणि मग भांड्याच्या साबणानं धुऊन लगेच कोरडं करा. हे धुणंच मेसेजमध्ये नाही, म्हणून तेलाचे डाग पहिल्याच कापडावर उमटतात. कात्रीच्या स्क्रूला शेवटी मशीन ऑइलचा एक थेंब. अक्रिलिकच्या पट्टीलाही तेल आणि कोमट साबणपाणी चालतं, घासणी नको. पांढऱ्या गमला तेल लागत नाही, कोमट पाण्याची चिंधी थोडा वेळ ठेवली की तो सुटतो. ग्लू गनचा गोंद थंड करून नखानं उचकटायचा.

त्या संध्याकाळी मावशीची उरलेली कात्री तेलानं साफ झाली. मशीनच्या सुया मात्र मी तिला बदलायलाच लावल्या. चिकटलेली सुई टाके सोडते, दोरा तोडते, आणि नवी काही रुपयांत मिळते. वाटीतलं पेट्रोल मावसभावानं अंगणातच स्कूटरच्या टाकीत गाळून ओतलं. तो मेसेज जिथून आला त्या बचत गटात हे सगळं आता मावशीच टाकणार आहे, जळलेल्या कात्रीच्या फोटोसकट.