बँकांची कीव करणाऱ्यांसाठी

आज सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खाताना भाऊजी भेटले. बँकेत आहेत. बुटीबोरीच्या त्या दिवाळखोरीत गेलेल्या कारखान्याचा रिझोल्युशन प्लॅन, म्हणजे कंपनी वाचवून कोणाचं किती देणं फेडायचं ती योजना, मंजूर झाला म्हणे. "बँकांना केवढा हेअरकट घ्यावा लागला!" म्हणजे कर्जातली केवढी रक्कम सोडावी लागली. चेहरा अगदी सुतकी. माझं डोकंच फिरलं.

अहो, बँकांनी तो मत देऊन घेतला. आमच्या काकांना कोणी विचारलं?

काकांचं हिंगणा एमआयडीसीत पुठ्ठ्याच्या बॉक्सचं छोटं युनिट. त्या कारखान्याला वर्षानुवर्षं उधारीवर माल दिला. कंपनी एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांची दिवाळखोरी प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, गेली तेव्हा बिलं, चलानं, लेजर जोडून थकबाकीच्या दाव्याचा फॉर्म बी भरला. क्लेम मान्यही झाला. पण २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात काका पडले 'ऑपरेशनल क्रेडिटर', म्हणजे कर्जाचे नाही, मालाचे पैसे अडकलेले. सीओसीत, म्हणजे प्लॅनवर निर्णय घेणाऱ्या धनकोंच्या समितीत, मत कर्ज देणाऱ्यांचं. प्लॅनला ६६ टक्के मतं लागतात, तीही डोकी मोजून नाही, रुपये मोजून. माल पुरवणाऱ्यांची सगळी थकबाकी मिळून एकूण कर्जाच्या १० टक्के भरली तर बैठकीत नुसतं बसता येतं. इथं तेवढीही भरली नाही. मांडव ज्यानं घातला त्यालाच पंगतीत पान नाही.

कंपनी मोडीत काढली असती तर जे मिळालं असतं, निदान तेवढं तरी यांना द्या, असं कायदा म्हणतो. तारणवाल्या बँकांचं भागल्यावर त्यात उरतं काय? भोपळा.

आणि खरी चीड कशाची येते सांगू? कंपनी एनसीएलटीत असतानाही काका बॉक्स पाठवतच होते. ती बिलं प्रक्रियेचा खर्च म्हणून आधी चुकती झाली. तेच गेट, तोच स्टोअरवाला, तसेच बॉक्स. जुन्या बिलांना मात्र कुत्रं विचारत नाही, आणि त्यांच्यावरचा जीएसटी काकांनी केव्हाच खिशातून भरलाय. "माल घेतला तवा गोड बोलले बापा, आता मायं नाव बी काऊन घेत नाही?"

बरं, बँकेतला पैसाही आपल्याच एफडीचा, मान्य. प्रत्येक बिलवाल्याला मत दिलं तर कायद्यातल्या ३३० दिवसांच्या मुदतीत काही उरकायचं नाही, तेही मान्य. सुप्रीम कोर्टानंही २०१९ मध्ये स्विस रिबन्स या कंपनीच्या खटल्याच्या निकालात कर्ज देणारे आणि माल पुरवणारे यांच्यातला हा भेद उचलून धरलाय. कंपनी चालेल की नाही याची पारख कर्ज देणाऱ्यांना असते म्हणे. पारख होती तर कर्ज बुडालं कसं?

बिल्डरकडून घर घेणाऱ्यांना २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून फायनान्शियल क्रेडिटर, म्हणजे बँकांच्याच रांगेतले धनको, केलंच ना? त्यांचा प्रतिनिधी सीओसीत मत देतो. चांगलंच झालं. मग पुरवठादारांचा एक माणूस बसला तर कोणाचं काय जातं?

भाऊजी, राग मानू नका, तुमच्यावर नाही हे.

काकांनी आता नवीन गिऱ्हाईकाला उधारी बंद केलीय. त्यापायी कळमेश्वरची चांगली ऑर्डर गेली. म्हटलं, द्या ना थोडी मुदत. म्हणाले, "तू राहतं का जामीन?"

सीए मित्रांनो, काही मार्ग असेल तर सांगा. "कायदाच तसा आहे" हे सोडून.