लाथ मारली म्हणे, पण पाणी जोहोरमधूनच आलं

ऑगस्ट उजाडला की हा मेसेज फिरायला लागतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यंदाही आला, सूर्योदयाच्या फोटोसकट. मजकूर थोडक्यात असा: १९६५ पर्यंत सिंगापूर म्हणजे मच्छीमारांचं खेडं होतं. तिथले पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी मलेशियाला लाथ मारून देश वेगळा केला. पाण्याचा थेंब नव्हता, तरी शेजाऱ्यापुढे हात पसरला नाही. मलेशिया, इंडोनेशिया, चीन, कुणालाच जुमानलं नाही. शेवटी अर्थातच 'पटलं तर पुढे पाठवा'.

पटलं नाही, म्हणून हे लिहितो.

खेड्याचं आधी उरकू. कोळ्यांची वस्ती होती ती १८१९ साली, ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी स्टॅमफर्ड रॅफल्स तिथे उतरला तेव्हा. पुढे मलायातलं, म्हणजे आजच्या मलेशियातलं, रबर आणि कथील जगभर गेलं ते याच बंदरातून, आणि ब्रिटिशांनी आपला मोठा आरमारी तळही इथेच बांधला. १९६५ साली इथे जवळपास १९ लाख माणसं राहत होती. झोपड्या होत्या, बेकारी होती, हे खरंच. पण म्हणून १९६५ सालच्या मुंबईला कुणी कोळीवाडा म्हणेल का? आणि ती सगळी भरभराट शेजाऱ्यांच्या जिवावरच होती. माल त्यांचा, गोदी आणि दलाली सिंगापूरची.

लाथेची गोष्ट तर उलटीच आहे. मलेशियात सामील व्हायचा आग्रह ली यांचाच होता, कारण मागे मोठी बाजारपेठ नसलेलं बेट तगणार नाही असं त्यांना वाटे. सप्टेंबर १९६३ मध्ये विलीनीकरण झालं, १९६४ मध्ये मलय आणि चिनी लोकांत दंगली पेटल्या आणि ९ ऑगस्ट १९६५ ला मलेशियाच्या संसदेनं १२६ विरुद्ध शून्य मतांनी सिंगापूरला बाहेर काढलं. त्या दिवशी ली टीव्हीवर रडले. लाथ मारणारा माणूस सहसा रडत नाही. आता 'हाकलून दिलं' हेही अर्धंच खरं. ली यांचे अर्थमंत्री गोह केंग स्वी यांनी मलेशियाचे उपपंतप्रधान अब्दुल रझाक यांच्याशी आधीच गुपचूप बोलणी केली होती. तेव्हा फार तर संमतीनं झालेला काडीमोड म्हणा.

आता पाणी. इथे मात्र जरा थांबायला हवं, कारण मेसेजमधलं सर्वांत ठळक वाक्य हेच आहे आणि सर्वांत चुकीचंही हेच.

सिंगापूर आणि मलेशियातलं जोहोर यांच्यामध्ये समुद्राची एक चिंचोळी पट्टी आहे. तिच्यावर १९२४ मध्ये खुला झालेला साधारण एक किलोमीटरचा बांध आहे, आणि त्या बांधावरून पाण्याचे नळ आले. ३१ जानेवारी १९४२ ला माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी जपान्यांना अडवायला बांध उडवला, तेव्हा नळही तुटला. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं, आणि शरणागतीच्या कारणांत पाण्याची टंचाई हे एक मोठं कारण होतं. हे डोळ्यांनी पाहिलेली पिढीच पुढे सत्तेवर आली.

म्हणून त्यांनी हात पसरला, पण कागद पुढे करून पसरला. १९६१ आणि १९६२ असे दोन करार झाले. दुसऱ्या करारानुसार सिंगापूर जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलन, म्हणजे शंभर कोटी लिटरहून जास्त पाणी उचलू शकतं. दर? हजार गॅलनला ३ सेन. मलेशियाचा एक रिंगिट म्हणजे १०० सेन, तेव्हा हिशोब करून पाहा. त्यातलं थोडं पाणी शुद्ध करून सिंगापूर जोहोरला हजार गॅलनला ५० सेन दरानं परत विकतं. मलेशियातले पुढारी या दरावरून वर्षानुवर्षं कुरकुरतात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही कुरकुरलो असतो.

काडीमोड होताना सिंगापूरनं हे दोन्ही करार विभक्तीच्या करारातच गोवून घेतले आणि तो संयुक्त राष्ट्रांकडे नोंदवला. पाणी तुटण्याची भीती काल्पनिक नव्हती. विभक्तीच्याच दिवशी मलेशियाचे पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांनी ब्रिटिश उच्चायुक्तांना सांगून टाकलं होतं की सिंगापूर आमच्या हिताविरुद्ध वागलं तर पाणी तोडायची धमकी देता येईल.

पुढे सिंगापूरनं सांडपाणी शुद्ध करून 'न्यूवॉटर' केलं, समुद्राचं पाणी गोड केलं, आणि २०११ मध्ये १९६१ चा करार संपला तेव्हा तो वाढवला नाही. हे कौतुकाचंच आहे. पण १९६२ चा करार २०६१ पर्यंत आहे आणि नळ अजून चालू आहे.

पाण्यासारखंच बाकीचंही. भराव घालून बेट वाढवायला वाळू लागते. ती मलेशियानं १९९७ मध्ये बंद केली, इंडोनेशियानं २००७ मध्ये. जून २०२२ मध्ये मलेशियानं कोंबड्या पाठवणं थांबवलं, तर 'चिकन राइस'वाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

आणि कुणाला जुमानलं नाही? मार्च १९६५ मध्ये इंडोनेशियाच्या दोन नौसैनिकांनी सिंगापूरमधल्या मॅकडोनाल्ड हाऊसमध्ये बॉम्ब ठेवला. तीन माणसं गेली. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो यांनी दयेची विनंती केली, तरी १९६८ मध्ये सिंगापूरनं दोघांना फाशी दिलं. मेसेजवाल्यांना एवढंच आवडेल. पण १९७३ मध्ये ली जाकार्ताला गेले आणि त्याच दोघांच्या थडग्यांवर त्यांनी स्वतः फुलं वाहिली. फाशीबद्दल माफी मागितली नाही, फुलं मात्र वाहिली. त्यानंतर सुहार्तोंशी त्यांचं जे जमलं, ते अगदी शेवटपर्यंत.

चीनबाबतही तसंच. लोकसंख्येत बहुसंख्य चिनी, म्हणून हे बेट बीजिंगचं हस्तक आहे असा शेजाऱ्यांना संशय. तो नको म्हणून सिंगापूरनं सांगून ठेवलं होतं की इंडोनेशियानं आधी संबंध जोडावेत, मग आम्ही. इंडोनेशियानं ते ऑगस्ट १९९० मध्ये जोडले, सिंगापूरनं ऑक्टोबरमध्ये. आणि चीनला नमले असंही नाही. चीन ज्यावर हक्क सांगतो त्या तैवानमध्ये १९७० च्या दशकापासून सिंगापूरचं सैन्य सराव करतं. २०१६ मध्ये तिथून परतणारी नऊ चिलखती वाहनं हाँगकाँगमध्ये अडवली गेली, तेव्हा सिंगापूरनं आरडाओरडा न करता कायद्यावर बोट ठेवलं. दोनेक महिन्यांत वाहनं परत आली.

तैवानमध्ये सराव का, तर घरी जागा नाही. तोफेचा गोळा लांब टाकायचा म्हटलं तर तो शेजारच्या देशात पडायचा. म्हणून त्यांचे तोफखान्याचे जवान आपल्या नाशिकजवळच्या देवळालीतही येतात, आणि 'अग्नी वॉरियर' नावाचा सराव आपल्या जवानांसोबत करतात. ती जागाही त्यांना मागूनच मिळालेली आहे.