जांभळा होतच नाही!

"लाल आणि निळा मिसळा, जांभळा होतो." चित्रकलेच्या तासाला दरवर्षी तेच! होतो कुठे? माझ्या पॅलेटवर चिखलच होतो. शेंदरी झाक असलेल्या लालमध्ये पिवळ्याचा अंश असतो. तो निळ्यात पडला की तिन्ही मूळ रंग एकत्र, मग तपकिरीच होणार ना? लालऐवजी मॅजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी, घेतला तर लख्ख जांभळा उतरतो, हे मला अर्धी ट्यूब वाया घालवून कळलं. आधी सांगायला काय जातं? छपाईतसुद्धा सायन (हिरवट निळा), मॅजेंटा, पिवळा आणि काळा हेच चार रंग वापरतात! पण आमच्या वहीत तेच रंगचक्र, तेच १२ कप्पे, रेषेबाहेर गेलं की गुण कापले. रंग कसा झाला, का बिघडला, कुणी विचारतच नाही. आणि प्रोजेक्ट? उद्याच द्यायचा! पहिला थर वाळायला तरी वेळ द्या ना!