शून्य अटॅचमेंट

रोज सकाळी मेलबॉक्स उघडायचा, एकेक मेल बघायचा, अटॅचमेंट उतरवायची आणि योग्य त्या फोल्डरमध्ये नेऊन टाकायची. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. पण ज्याला कमांड लाइन, म्हणजे टाइप करून संगणकाला हुकूम सोडणं, येते त्याने माउस घेऊन हमाली करावी, हे एका शनिवारी माझ्या जिवाला लागलं.

बेत सोपा होता, हाताशी तीन छोटे प्रोग्रॅम. फेचमेलने मेल ओढून आणायचा, प्रोकमेलने चाळायचा आणि रिपमाइमने पोट फाडून आतला माल बाहेर काढायचा. ऐकताना खाटिकखाना वाटतो, पण हे तिघं आपापलं काम चोख करतात. घोळ या तिघांना ओळीने हुकूम सोडणाऱ्या माझ्या स्क्रिप्टमध्ये होता.

आधी एक मेल कच्चा उघडून पाहिला. वर ‘सोबत फाइल जोडली आहे’ एवढी एक ओळ आणि खाली हजारो ओळींची भिंत, प्रत्येक ओळ ७६ अक्षरांची. हे बेस-६४, म्हणजे कुठलीही फाइल साध्या अक्षरांत लिहायची पद्धत. मेल मुळात सात बिटांच्या साध्या मजकुरासाठी जन्मला, त्यामुळे फोटो काय नि पीडीएफ काय, अक्षरांचं सोंग घेतल्याशिवाय पुढे सोडत नसत. तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणजे फाइल निघतानाच एक तृतीयांश फुगते. मेलमधून फाइली पाठवायच्या या व्यवस्थेचं नाव माइम. ती करणाऱ्यांपैकी नॅथानिएल बोरेनस्टीन यांनी १९९२च्या मार्चमध्ये अशी पहिली अटॅचमेंट पाठवली. काय, तर आपल्या गायक चौकडीचा फोटो! म्हणजे अनावश्यक फोटो पाठवण्याची परंपरा पहिल्या दिवसापासूनची आहे.

फाइलीचं नाव मराठीत असेल तर तेही बहुधा याच सोंगात येतं. यूटीएफ-८ या संगणकी लिपी-पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून ‘बिल’ची (ब, वेलांटी, ल) बरोबर बारा अक्षरं होतात. रविवार दुपारपर्यंत माझी नजर इतकी तयार झाली की सुरुवातीला ‘४’ आणि पाठोपाठ ‘के’ दिसलं, की मी ओळखायचो: आत देवनागरी, आपलाच माणूस! ही विद्या चारचौघांत सांगायची सोय नाही.

संध्याकाळी स्क्रिप्ट चालली. चाळीस मेलमधून शंभरावर फाइली निघाल्या आणि मला भरून आलं. उघडून बघतो तर बहुतेक सगळे लोकांच्या सहीखालचे लोगो! खरी कागदपत्रं फक्त एक. कारण प्रत्येक सज्जनाने आपल्या फाइलीचं नाव ‘स्कॅन’ ठेवलं होतं आणि माझी स्क्रिप्ट इमानेइतबारे जुन्या ‘स्कॅन’वर नवा ‘स्कॅन’ चढवत गेली होती.

नावापुढे तारीख-वेळ जोडून तेही निस्तरलं. रात्री ११ वाजता सगळं क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हवाली केलं. वेळेच्या जागी चाचणीपुरत्या पाच फुल्या टाकल्या, म्हणजे दर मिनिटाला चालेल, आणि त्या तशाच ठेवून शांत झोपलो.

क्रॉनची एक सवय मी विसरलो होतो. स्क्रिप्ट जे काही बोलते, ते तो मालकाला मेलने कळवतो. मालक मी. ते मेल मीच हौसेने याच मेलबॉक्सकडे वळवले होते.

सकाळी ७ वाजता ४८० मेल. पहिल्यात लिहिलं होतं, ‘नवे मेल ३, अटॅचमेंट २.’ पुढच्या प्रत्येकात, ‘नवे मेल १, अटॅचमेंट ०.’ तो नवा मेल म्हणजे आधीच्या मिनिटाचा अहवाल. रात्रभर माझं यंत्र स्वतःलाच पत्रं लिहीत होतं, आणि स्वतःच उघडून आत काही नाही म्हणून मला कळवत होतं.

मी मुकाट्याने माउस हातात घेतला, सगळे निवडले, उडवले. मेलबॉक्स क्षणभर रिकामा झाला आणि टिंग वाजलं.

‘नवे मेल १, अटॅचमेंट ०.’