रोपाआधी जेवून गेले कोण?

‘मित्रजीवाणू’ हा शब्द मला खटकतो. मातीतले जिवाणू झाडाला पानात वाढून देतात, असं काहीतरी गोग्गोड चित्र त्यातून उभं राहतं. माझा हा गैरसमज एका कुंडीनं दूर केला.

खत होईल म्हणून मी लाकडाचा भुसा कुंडीतल्या मातीत चांगला मूठ-मूठ कालवला. तीन आठवड्यांत रोपाची खालची पानं पिवळी. पाणी बरोबर, ऊन बरोबर, कीडही नाही. रोप नायट्रोजनवाचून उपाशी होतं. भुशात नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बनचे शेकडो भाग असतात. जिवाणूच्या शरीरात मात्र पाच ते आठच. एवढा कार्बन पचवायचा तर जोडीला नायट्रोजन हवा. भुशात तो पुरेसा नाही, मग त्यांनी मातीतलाच उचलला. रोप शेवटच्या पंगतीला बसलं, तोवर पातेलं खरवडून झालेलं.

मग हा अडकलेला नायट्रोजन सुटतो कसा? मला सगळ्यात आवडतो तो हा भाग. अमीबासारखे एकपेशीय जीव आणि सूत्रकृमी, म्हणजे मातीतले दोऱ्यासारखे बारीक कृमी, जिवाणूंना खातात. पोटात गेलेला नायट्रोजन त्यांना जास्त होतो, म्हणून ते तो अमोनियमच्या, म्हणजे मुळांना घेता येईल अशा, रूपात टाकून देतात. झाडाच्या वाट्याला येतं ते हे टाकलेलं! त्यातही वाटेत गिऱ्हाईक असतंच. काही जिवाणू अमोनियमचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि दोघं त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्कीनं हे 1890 च्या सुमारास दाखवून दिलं. पाणी साचून हवा कोंडली, की तिसरेच जिवाणू नायट्रेटचा वायू करून हवेत सोडून देतात. मुळांच्या हाती काही नाही.

‘पण मुळांवरच्या गाठींचं काय? तिथले जिवाणू तर हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात ना?’ असं कुणीतरी विचारणारच. सोयाबीनसारख्या शेंगवर्गीय रोपाची ताजी गाठ नखानं फोडून बघा, आत चक्क गुलाबी दिसते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद तिथे असतो. हवेतला नायट्रोजन पकडणारं एन्झाइम ऑक्सिजननं खराब होतं, म्हणून हा तिथला मोकळा ऑक्सिजन अगदी कमी ठेवतो आणि जिवाणूंना श्वासापुरता पुरवतो. पण हीसुद्धा रोकडी देवाणघेवाण. झाड साखर मोजतं. काम न करणाऱ्या गाठींचा ऑक्सिजन सोयाबीन आवळतं, असं प्रयोगांत दिसलंय. मातीत आयता नायट्रोजन भरपूर असला तर झाड गाठीच कमी धरतं.

मैत्री कसली, चोख व्यवहार आहे. आणि मला तो मैत्रीपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

कुंडी तशीच ठेवली होती. काही महिन्यांनी भुसा काळा, भुसभुशीत झाला आणि नवी पानं हिरवीगार आली. आता भुसा मातीत कालवत नाही, नुसता वर पसरतो. तिथे जिवाणूंना खाऊ दे निवांत, मुळांच्या ताटात हात न घालता.