खोटी केस कशी निभवावी

सर्वप्रथम अभिनंदन! गडग्यावरून, काजूच्या चार झाडांवरून किंवा वाटणीपत्रावरच्या सहीवरून तुमच्याच भावबंदाने तुमच्यावर केस घातली, म्हणजे गावात तुमची काहीतरी किंमत आहे. त्यातून पोलिसांनी "हा दिवाणी वाद आहे" म्हणून परत पाठवलेला माणूस थेट कोर्टातून गुन्हा दाखल करण्याचा आदेश घेऊन आला असेल, तर वाडीत तुमचं नाव झालंच. आदेश म्हणजे निकाल नव्हे, नुसता तपासाचा हुकूम, हे कोणाला समजावत बसू नका. कोणी ऐकणार नाही.

आदेश देताना तुम्हाला काहीच विचारलं नाही म्हणून रागावू नका. तशी पद्धतच नाही. (देवळात गाऱ्हाणं घालताना निदान दोन्हीकडची मंडळी हजर असतात.) अशा आदेशाचं कलम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत १५६(३) होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १७५(३) झालं. तक्रारदाराने आधी पोलीस अधीक्षकांकडे अर्ज केलेला हवा, कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलेलं हवं, मॅजिस्ट्रेटनी पोलिसांचं म्हणणं विचारात घ्यायला हवं, असं त्यात आहे. यातलं काही राहिलंय का ते बघायचं तर नकला काढाव्या लागतात. तुमच्यासारख्या इभ्रतदार माणसाने नकलेच्या खिडकीत कशाला वाकायचं?

वकील अटकपूर्व जामिनाचं बोलेल. "मी काही केलंच नाही तर जामीन कशाला?" असं बाणेदारपणे विचारा आणि शुक्रवारी संध्याकाळी घरीच सापडा. सल्ला घ्यायचाच तर तिठ्यावरच्या टपरीत घ्या. जुन्या कायद्यात ४३८ म्हणजे अटकपूर्व जामीन आणि ४८२ म्हणजे हायकोर्टात गुन्हा रद्द करून घ्यायची वाट. नव्यात ४८२ हाच अटकपूर्व जामीन, ४३८ म्हणजे रिव्हिजन (खालच्या कोर्टाच्या आदेशाची वरच्या कोर्टात फेरतपासणी) आणि रद्द करायला ५२८. सल्ला देणाऱ्याकडे जुनंच पुस्तक आहे ना, याची तेवढी खात्री करून घ्या.

१८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, कोल्हापुरात बसतं. तोटा एवढाच, की "मुंबईक कोण जातलो?" ही सबब गेली. काळजी नको, पावसात घाट बंद असतो. १९९० च्या भजनलाल निकालात सुप्रीम कोर्टाने कसले गुन्हे रद्द होऊ शकतात याचे सात प्रकार दिलेत. वैयक्तिक आकसापोटी सूड उगवायला केलेली केस हा सातवा. तो वाचू नका, उगाच आशा वाटते.

तपासी अंमलदाराने बोलावलं की मूळ वाटणीपत्र, जुने सातबारे, घरपट्टीच्या पावत्या कपाटातच ठेवा. लेखी म्हणणं देऊन पोच घेणं तर फारच खालच्या पातळीचं. तोंडी सांगा, जोरात सांगा. नाहीतर त्याला पटायचं आणि तक्रार खोटी म्हणून तो कोर्टात बी समरी, म्हणजे केस बंद करायचा अहवाल, पाठवायचा.

एवढं करूनही केस अगदीच पोकळ वाटली, तर बाजाराच्या दिवशी भर मासळीच्या गर्दीत तक्रारदाराला गाठा आणि "थांब, तुका बघून घेतंय!" असं चार साक्षीदारांदेखत सांगा. त्याच्या खोट्या अर्जात जे कमी होतं ते तुम्ही एका वाक्यात भरून दिलंत.

मग यथावकाश निर्दोष सुटाल. द्वेषबुद्धीने खटला भरल्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावायला तिथून एक वर्ष मिळतं. ते पेढे वाटण्यात घालवा. वकिलाकडे तेराव्या महिन्यात जा.